जनुकांचा अहवाल म्हणजे कुंडली नव्हे

कोपरखैरण्यात जो कोणी सामाजिक काम करतो, त्याला वर्षातून चार-पाच वेळा तरी असा फोन येतोच. गावाकडून कोणीतरी टाटाला दाखवायला येत असते. राहायची सोय होईल का, केसपेपर कुठे काढायचा, फाईल आधी परळला न्यायची की खारघरला, असे प्रश्न असतात. आपण सगळेच आपापल्या परीने मदत करतो. अलीकडे या प्रश्नांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. “डॉक्टर गाठीची जीन टेस्ट करा म्हणतात. खर्च लाखाच्या वर आहे. त्यातून आई किती वर्षे जगेल ते कळते म्हणे. करायची का?”

याला ‘करा’ किंवा ‘नका करू’ असे एका शब्दात उत्तर देणे धोक्याचे आहे. काही रुग्णांसाठी ही तपासणी खरोखर उपयोगाची असते. काहींसाठी ती म्हणजे दागिने मोडून विकत घेतलेला कागद असतो. उपचाराचा निर्णय रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळूनच घ्यायचा आहे. पण डॉक्टरांच्या खोलीत शिरताना ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढे तरी रुग्णासोबत जाणाऱ्या माणसाला माहीत हवे. त्यासाठी हा लेख.

मूळ कागद आणि झेरॉक्स

आपल्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत सुमारे २० हजार जनुके असतात. यकृताची पेशी असो की कातडीची, जनुकांचा संच तोच. मग एक पेशी यकृताचे काम करते आणि दुसरी कातडीचे, हे कसे?

जातपडताळणीची फाईल ज्याने केली आहे, त्याला मूळ कागद आणि झेरॉक्स यांतला फरक सांगायला नको. मूळ कागद कपाटात जपून ठेवलेले असतात. काम पडेल तशा त्यांच्या झेरॉक्स काढल्या जातात आणि फिरतात त्या झेरॉक्सच. पेशीतही तसेच आहे. जनुके म्हणजे कपाटातले मूळ कागद. पेशीला एखादे काम करायचे असले की त्या कामाच्या जनुकाची नक्कल निघते. या नकलेला आरएनए म्हणतात. यकृताच्या पेशीत एका प्रकारच्या कागदांच्या नकला भराभर निघतात, कातडीच्या पेशीत दुसऱ्या. कपाट तेच, झेरॉक्स वेगळ्या.

एखाद्या जनुकाच्या किती नकला निघत आहेत, यालाच त्या जनुकाची सक्रियता म्हणायचे. कॅन्सरच्या पेशीत हा हिशेब बिघडलेला असतो. ‘विभागणी करा’ असा हुकूम देणाऱ्या जनुकांच्या नकला दिवसरात्र निघत राहतात आणि ‘थांबा’ सांगणाऱ्यांच्या बंद पडतात. हा बिघाड प्रत्येक गाठीत सारखा नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गाठी सारख्या दिसल्या तरी एक वर्षानुवर्षे शांत राहते आणि दुसरी सहा महिन्यांत पसरते. हा फरक नकलांच्या मोजणीतून आधीच ओळखता येईल का, हा या संशोधनाचा मूळ प्रश्न आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. ‘जीन टेस्ट’ या नावाखाली दोन वेगळ्या तपासण्या येतात. एक रक्ताची. आई-वडिलांकडून आलेला एखादा दोष आपल्यात आहे का, हे ती पाहते. तिचा संबंध बहिणीशी, मुलीशी, सगळ्या घराशी येतो. दुसरी गाठीची. गाठीच्या पेशींत या घडीला कोणती जनुके किती सक्रिय आहेत, हे ती मोजते. तिचा संबंध त्या एका गाठीपुरता असतो आणि तिच्यातले बहुतेक बिघाड त्या माणसाच्या हयातीतच झालेले असतात. गाठीचा अहवाल वाईट आला म्हणून “तुमच्या खानदानातच आहे” असे कोणी म्हणत असेल, तर ते चूक आहे. या लेखात आपण दुसऱ्या तपासणीबद्दल बोलत आहोत.

मेणाचा ब्लॉक

टाटाला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला ‘ब्लॉक आणि स्लाइड’ हे शब्द पाठ असतात. ऑपरेशनमध्ये किंवा बायोप्सीत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून मग मेणात बसवतात. तो ब्लॉक. त्याचा अगदी पातळ काप काचेवर घेतला की झाली स्लाइड. गावच्या दवाखान्यातून आणलेला हा ब्लॉक पिशवीत सांभाळून माणसे मुंबई गाठतात.

जनुकांची सक्रियता मोजायला बहुतेक वेळा हाच ब्लॉक वापरतात. त्यातून आरएनए वेगळा काढतात आणि कोणत्या जनुकाच्या किती नकला आहेत ते यंत्राने मोजतात. मोजायची एक पद्धत आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कोरोनाच्या काळात नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर तपासणी होत होती, तेच तंत्र. तिथे विषाणूचा आरएनए शोधत होते, इथे गाठीचा मोजतात.

अडचण अशी की फॉर्मॅलिनमध्ये आरएनएचे तुकडे होतात. लांबलचक झेरॉक्स फाटून जातात आणि मोजमाप बेभरवशाचे होते. श्रीमंत देशांतल्या मोठ्या प्रयोगशाळा गाठीचा ताजा तुकडा लगेच अतिथंड करून ठेवतात. जिल्ह्याच्या ठिकाणी ही सोय कुठून आणायची? या अडचणीवर आपल्या जवळच, खारघरमध्ये, काम झाले आहे.

खारघरचे काम

टाटा मेमोरियल रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झाले. त्याच टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र २००२ पासून खारघरला आहे. नाव ॲक्ट्रेक. कोपरखैरणे स्टेशनवरून पनवेलची लोकल पकडली की सरळ खारघरला उतरता येते.

लहान मुलांच्या मेंदूत मेड्युलोब्लास्टोमा नावाची गाठ होते. डोक्याच्या मागच्या भागातल्या लहान मेंदूत ती वाढते. आधी ऑपरेशन, मग मेंदू आणि पाठीचा कणा या दोन्हींना रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक’ म्हणतात, आणि केमो. या उपचाराने अनेक मुले वाचतात, पण किंमतही मोजतात. वाढत्या मेंदूला दिलेल्या रेडिएशनमुळे पुढे अभ्यासात मागे पडणे, उंची खुंटणे, हार्मोनचे त्रास असे परिणाम राहतात. म्हणून कोणत्या मुलाला कडक उपचार हवा आणि कोणाचे थोडक्यात भागेल, हे आधी कळणे फार मोलाचे आहे.

२०१२ साली जगभरच्या संशोधकांचे एकमत प्रसिद्ध झाले की मेड्युलोब्लास्टोमा हा एक आजार नसून जनुकांच्या सक्रियतेनुसार त्याचे चार गट पडतात. डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४. यांत डब्ल्यूएनटी गटातली मुले सर्वांत चांगली तग धरतात. पूर्ण उपचार घेतलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुले पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. गट ३ मधली स्थिती सर्वांत अवघड.

ॲक्ट्रेकमधील डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेने हे गट ओळखण्याची स्वस्त पद्धत शोधली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांनी १२ नेहमीची जनुके आणि त्यांच्या जोडीला ९ मायक्रोआरएनए निवडले. मायक्रोआरएनए म्हणजे आरएनएचे अगदी आखूड तुकडे, झेरॉक्सच्या मानाने चिठ्ठीएवढे. आखूड असल्यामुळे ते फॉर्मॅलिनमध्येही बऱ्यापैकी टिकतात. त्यामुळे मेणाच्या जुन्या ब्लॉकवरही साध्या आरटीपीसीआरने मोजणी जमते. भारतीय मुलांच्या शंभरावर गाठींवर ही पद्धत तपासली, तेव्हा गट ओळखण्यात ९७ टक्के अचूकता मिळाली. शिवाय डब्ल्यूएनटी आणि एसएचएच सोडून उरलेल्या गाठींत मायक्रोआरएनए-१८२ जास्त किंवा मायक्रोआरएनए-५९२ कमी असेल, तर त्या मुलांचे जगण्याचे प्रमाण बरेच कमी असते, हेही दिसले.

हे संशोधन आम्हाला महत्त्वाचे वाटते ते आपल्या परिस्थितीत चालेल असे आहे म्हणून. महागडे यंत्र नको, ताजी गाठ नको. गावाहून पिशवीत आलेला ब्लॉक चालतो.

‘इतके टक्के’ म्हणजे नेमके काय?

आता आकड्यांकडे येऊ, कारण घरची माणसे आकड्यापाशीच कोलमडतात.

२००२ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींतली ७० जनुके निवडली. त्यांच्या सक्रियतेवरून गाठींचे ‘चांगला अंदाज’ आणि ‘वाईट अंदाज’ असे दोन गट केले. मग २९५ रुग्ण महिलांचे पुढे काय झाले ते पाहिले. चांगल्या गटातल्या सुमारे ९५ टक्के महिला दहा वर्षांनी जिवंत होत्या. वाईट गटातल्या सुमारे ५५ टक्के.

फरक मोठा आहे. पण दुसरा आकडा पुन्हा वाचा. ज्या गटाला ‘वाईट’ म्हटले, त्यातल्या निम्म्याहून जास्त महिला दहा वर्षांनंतरही जिवंत होत्या. आणि ‘चांगल्या’ म्हटलेल्या गटातल्या शंभरांपैकी पाच जणी नव्हत्या. हातात कागद घेऊन बसलेली बाई या शंभरांतली कोणती, हे तो कागद सांगत नाही. आकडा गटाचा असतो. गटावरून एका माणसाचे भविष्य निघत नाही.

आपल्याकडे जन्मवेळेवरून आयुष्यरेषा सांगणाऱ्यांची दुकाने अजून चालतात. कॅन्सरला गेल्या जन्मीचे पाप म्हणणारेही भेटतात. ती पत्रिका आपण फेकून दिली, तिच्या जागी प्रयोगशाळेचा शिक्का मारलेली नवी पत्रिका आणू नये. जनुकांच्या अहवालामागे मोजमाप आहे, पुरावा आहे. कुंडलीमागे काहीच नाही. पण अहवाल कुंडलीसारखा वाचला, तर त्याचाही तसाच घात होतो. “वाईट आले, आता खर्च कशाला” म्हणून उपचार सुटतात, नाहीतर “चांगले आले” म्हणून गोळ्या बंद होतात.

अंदाज उपचार धरूनच असतो

ही दुसरी चूक जास्त धोक्याची आहे, आणि तिचा धडाही टाटा मेमोरियलच्या कामातूनच मिळतो.

डब्ल्यूएनटी गटातली मुले इतकी चांगली जगतात, तर त्यांना संपूर्ण मेंदू आणि कण्याला रेडिएशन कशाला, असा प्रश्न साहजिक होता. फक्त गाठीच्या जागी रेडिएशन आणि जोडीला केमो दिली तर मुलांचे पुढचे नुकसान टळेल. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी रीतसर परवानग्या घेऊन आणि प्रत्येक मुलावर बारीक लक्ष ठेवून हा प्रयोग सुरू केला. ७ मुले सामील झाली. त्यांपैकी ३ मुलांच्या मेंदूच्या इतर भागांत किंवा कण्यात दोन वर्षांच्या आत आजार परत आला. डॉक्टरांनी प्रयोग तिथेच थांबवला आणि निकाल जाहीर केला. त्यापुढचा प्रयोग त्यांनी कण्याचे रेडिएशन न वगळता फक्त त्याची मात्रा कमी करण्याचा आखला.

गाठीचा गट ओळखण्यात चूक झाली नव्हती. ९० टक्क्यांचा आकडाही खोटा नव्हता. पण तो ज्यांनी पूर्ण उपचार घेतला होता, त्या मुलांवरून आला होता. उपचार काढून घेतल्यावर आकडा तोच राहील, असे गृहीत धरता येत नाही.

ही गोष्ट आपल्या वस्त्यांमध्ये पुन्हा पुन्हा सांगायला हवी. ‘कमी धोका’ असा अहवाल आलेल्या महिलेचा धोका कमी आहे तो पाच-पाच वर्षे हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर. मजुरी बुडते म्हणून तारीख चुकली, गोळ्या संपल्या आणि पुन्हा आणल्या नाहीत, तर तो अहवाल तिच्याबद्दलचा राहत नाही.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये केव्हा उपयोग?

आज या तपासण्यांचा सर्वांत जास्त वापर स्तनाच्या कॅन्सरमध्ये होतो. त्यातली प्रसिद्ध तपासणी ऑन्कोटाइप. ती २१ जनुके मोजते आणि ० ते १०० मध्ये गुण देते. गुण जितके जास्त, तितकी आजार परतण्याची शक्यता जास्त. इथे जास्त मार्क वाईट, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

या तपासणीचा खरा उपयोग एका मोठ्या अभ्यासातून सिद्ध झाला. त्याचे नाव टेलरएक्स. २०१८ साली त्याचे निकाल आले. सुमारे १० हजार महिला त्यात होत्या. ज्यांचे गुण ११ ते २५ होते, त्यांच्यातल्या काही जणींना चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडीने केमो आणि हार्मोनच्या गोळ्या दिल्या, काहींना फक्त गोळ्या. नऊ वर्षांनी पाहिले तर आजाराशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण केमो घेतलेल्यांत ८४.३ टक्के आणि न घेतलेल्यांत ८३.३ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. यातून असंख्य महिलांची केमो वाचली. केस जाणे, उलट्या, कामावरची रजा, सगळेच वाचले.

मात्र यात अटी आहेत. गाठ हार्मोनला प्रतिसाद देणारी असावी, हर-टू निगेटिव्ह असावी आणि काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोहोचलेला नसावा, अशा महिलांवरचा हा अभ्यास होता. त्यातही पन्नाशीच्या आतल्या महिलांना १६ ते २५ गुण असतील तर केमोचा काही फायदा दिसला. आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने बऱ्याच लहान वयात हा आजार होतो, म्हणून हा बारीक मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे. आणि गाठ हर-टू पॉझिटिव्ह असेल, हार्मोनला प्रतिसाद न देणारी असेल किंवा बरीच पुढे गेलेली असेल, तर केमो लागणार हे बहुधा आधीच ठरलेले असते. तिथे लाखाची तपासणी करून काय बदलणार?

ऑन्कोटाइपचा नमुना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत जातो, म्हणून खर्च वाढतो. भारतातही पर्याय तयार झाले आहेत. बेंगळुरूच्या डॉ. मंजिरी बकरे यांच्या कंपनीने कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची तपासणी विकसित केली. ती आरएनए मोजत नाही. मेणाच्या ब्लॉकवर पाच प्रथिने रंगवून पाहते आणि गाठीचा आकार वगैरे माहिती जोडून धोका कमी की जास्त ते सांगते. जनुकाची नकल शेवटी प्रथिन बनवण्यासाठीच असते, त्यामुळे प्रश्न तोच, वाट दुसरी. खर्चही त्या मानाने कमी आहे.

तोंडाच्या कॅन्सरचे मात्र वेगळे आहे. तंबाखू, गुटखा, मावा यांनी आपल्या वस्त्यांतले पुरुष सर्वांत जास्त ज्याने जातात, त्या कॅन्सरसाठी रोजच्या उपचारात वापरावी अशी सक्रियतेची तपासणी अजून नाही. त्यासाठी कोणी महागडी तपासणी सुचवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत जरूर घ्या.

फसलेले अंदाज

हजारो जनुके आणि काही डझन रुग्ण घेऊन बसले, की योगायोगाने काहीतरी जुळणारच. म्हणून या क्षेत्रात बरेच अंदाज फसलेही आहेत.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून २००६ साली दावा आला की गाठीच्या जनुकांवरून कोणते केमोचे औषध लागू पडेल ते सांगता येते. रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तर तक्त्यातल्या ओळी एका घराने सरकलेल्या आणि कुठे ‘लागू पडले’ व ‘नाही पडले’ ही लेबलेच उलटी निघाली. बराच काळ कोणी ऐकले नाही. अखेर २०१० मध्ये चाचण्या बंद झाल्या आणि शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

२०११ साली ब्रसेल्सच्या संशोधकांनी आणखी मजेशीर गोष्ट दाखवली. स्तनाच्या कॅन्सरचा अंदाज सांगणारे ४७ प्रसिद्ध जनुकसंच त्यांनी घेतले आणि त्यांची तुलना डोळे मिटून उचललेल्या तितक्याच जनुकांशी केली. निम्म्याहून जास्त संच त्या डोळे मिटून उचललेल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. जेवणानंतर हसण्याशी संबंधित जनुकांचा संचसुद्धा कॅन्सरचा अंदाज ‘सांगत’ होता. कारण पेशी किती वेगाने वाढतात याची छाप शेकडो जनुकांवर पडलेली असते. कोणतीही मूठभर उचला, ती छाप सापडतेच.

म्हणून नाव मोठे, विद्यापीठ मोठे, यंत्र मोठे, यावर जाऊ नये. एकच विचारावे: ज्या रुग्णांवरून हा अंदाज बांधला त्यांना सोडून, दुसऱ्या रुग्णांवर तो तपासला आहे का?

कोणाच्या गाठी मोजल्या?

ते दुसरे रुग्ण कोण होते, हेही विचारायला हवे. टेलरएक्सच्या पुढच्या विश्लेषणात दिसले की कृष्णवर्णीय महिलांचे गुण गोऱ्या महिलांसारखेच असतानाही त्यांचे परिणाम जास्त वाईट होते. म्हणजे आकडा सारखा आणि वाट्याला आलेले आयुष्य वेगळे. कारणे गाठीत असू शकतात, तशी उपचार किती वेळेवर आणि किती पूर्ण मिळतो यातही असू शकतात.

जगातली या विषयाची बहुतेक माहिती युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांची आहे. खारघरच्या अभ्यासात भारतीय मुलांच्या गाठींचे गट आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण तिकडच्यासारखेच निघाले, ही दिलासा देणारी बाब. पण ते मोजले म्हणून कळले. पुण्यातून चालणाऱ्या इंडियन कॅन्सर जीनोम ॲटलससारख्या उपक्रमांनी भारतीय रुग्णांची अशी माहिती गोळा करायला सुरुवात केली आहे. संशोधनासाठी नमुना द्यायचा का, असा संमतीचा कागद पुढे आला तर घाबरून नकार देऊ नये आणि न वाचता सहीही करू नये. मराठीत समजावून मागावे. नाही म्हटले तरी उपचार थांबत नाहीत, तो रुग्णाचा हक्क आहे. पण ज्यांची मोजणीच होत नाही, त्यांच्यासाठी आकडे कधीच बरोबर येत नाहीत.

फाईल हातात आल्यावर

अशा रुग्णासोबत जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. या तपासणीच्या निकालावरून उपचार बदलणार आहे का? काहीही आले तरी उपचार तोच असेल, तर तपासणी कशासाठी?

२. ही तपासणी गाठीची आहे की रक्ताची?

३. याच प्रकारच्या आणि याच टप्प्याच्या कॅन्सरसाठी ती सिद्ध झाली आहे का?

४. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या नेहमीच्या तपासण्या झाल्या आहेत का? त्या आधी हव्यात.

५. येणारा आकडा कशाचा? आजार परतण्याचा की जगण्याचा? किती वर्षांचा? आणि कोणता उपचार पूर्ण केला असे धरून?

६. खर्चासाठी काय सोय आहे? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यात नेमके काय बसते ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. समाजसेवा विभागातही जा.

७. ब्लॉक परत कधी मिळेल? पावती जपून ठेवा. पुढे कोणत्याही रुग्णालयात तो लागतो.

गाठ लवकर सापडली तर

इतके सगळे झाल्यावरही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आजार कोणत्या टप्प्यात सापडला, हा जगण्याचा अंदाज देणारा आजही सर्वांत साधा आणि भक्कम आधार आहे. त्याला जनुकांची तपासणी लागत नाही.

टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त महिला त्यात होत्या. निम्म्या भागांतल्या महिलांची, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, फक्त हाताने स्तन तपासणी केली. मॅमोग्राफी नाही, यंत्र नाही. २०२१ साली वीस वर्षांचे निकाल आले. पन्नाशीवरील महिलांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले होते.

ही तपासणी विहाराच्या सभागृहात, माथाडींच्या वसाहतीत, बैठ्या चाळींत होऊ शकते. आपली मंडळे जयंतीला रक्तदान शिबिर घेतात, डोळे तपासणी घेतात. त्यातच पन्नाशीच्या महिलांसाठी प्रशिक्षित परिचारिकेकडून स्तन तपासणी आणि तंबाखू खाणाऱ्यांसाठी तोंडाची तपासणी ठेवता येईल. आणि गाठ सापडलीच, तर त्या घरासोबत पहिल्या तारखेला जाणारा आणि पुढच्या पाच वर्षांच्या गोळ्यांची आठवण ठेवणारा एक कार्यकर्ता आपल्या प्रत्येक सेक्टरमध्ये असायला हवा.